उचल, रोखा आणि क्रांती

आमच्या गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पंधरा-वीस पोरं बसतात. कुणी तलाठी भरतीचं करतंय, कुणी राज्यसेवेचं. गाव कोल्हापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर, नदीकाठचं, ऊसपट्ट्यातलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले दोन दिवस मी त्यांना इतिहास शिकवतो. गेल्या हिवाळ्यात फ्रेंच राज्यक्रांती चालली होती. पावाचे भाव, राजाचा खर्च, बास्तिय या पॅरिसमधल्या तुरुंग-किल्ल्याचा पाडाव, सगळं सांगून झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "सर, दुष्काळ तर आपल्याकडं पण पडायचे. सावकार होते, वेठबिगार होती, माणसं उपाशी मरत होती. मग क्रांती तिकडंच कशी काय झाली?"

मी पुस्तकातली चार कारणं सांगितली: सामाजिक, आर्थिक, राजकीय, वैचारिक. पोरांनी लिहून घेतली. घरी जाताना मात्र ते उत्तर मलाच पटेना. चार कारणांची यादी परीक्षेला पुरते, पण माणसं उंबरा ओलांडून बाहेर का पडली, हे तिच्यातून कळत नाही. मग पुढचे काही दिवस जुनी पुस्तकं काढून बसलो. त्या पोराला नंतर जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर मांडतोय.

भूक असली म्हणून बंड होत नाही

गरिबी वाढली की लोक उठतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तसं असतं तर १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात अख्खं दख्खन पेटायला हवं होतं. त्या दुष्काळात लाखो माणसं गेली. लोकांनी गुरं विकली, गावं सोडली, दुष्काळी कामावर खडी फोडली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना सोबत घेऊन बंड केलं, पण ते काही महिन्यांत मोडलं. रयत मोठ्या संख्येनं त्यांच्यामागं गेली नाही. यात रयतेचा भित्रेपणा नव्हता. पोटात अन्न नसलेला माणूस आज संध्याकाळची चूल कशी पेटेल तेवढंच बघतो. बंडाला जायचं तर एक दिवसाचा रोज बुडतो, आणि तो बुडवायची ऐपत त्याच्यापाशी नसते.

फ्रान्सचंही तेच. १७०९ च्या हिवाळ्यात तिथं थंडीनं आणि उपासमारीनं जेवढी माणसं मेली, तेवढी १७८९ च्या आधीच्या टंचाईत मेली नाहीत. तरी १७०९ साली राजाचं सिंहासन हललं नाही. ऐंशी वर्षांनी मात्र ते कोसळलं. या ऐंशी वर्षांत बदललं काय, ते नीट पाहावं लागतं.

फ्रान्सची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्या आसपास होती. समाजाचे तीन वर्ग कायद्यानंच पाडलेले होते. पहिला वर्ग पाद्र्यांचा. चर्चच्या मालकीची जमीन देशातल्या जमिनीच्या दहाव्या हिश्श्याच्या घरात, शिवाय शेतकऱ्याच्या पिकातला वाटा वेगळा. दुसरा वर्ग सरदार-उमरावांचा. जमिनीशी जोडलेला मुख्य कर त्यांना माफ. उरलेले सगळे तिसऱ्या वर्गात, म्हणजे शंभरातली सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव माणसं. यात पॅरिसचा श्रीमंत व्यापारी आणि वकीलही आला, आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारा भूमिहीन मजूरही. कराचं ओझं याच वर्गाच्या डोक्यावर. मिठावर कर होता, आणि काही प्रांतांत तर प्रत्येक घरानं अमुक इतकं मीठ घेतलंच पाहिजे अशी सक्ती होती.

१३ जुलै १७८८ ला उत्तर फ्रान्समध्ये प्रचंड गारपीट झाली आणि उभं पीक झोपलं. त्यामागून कडक हिवाळा आला. मजुराच्या घरात एरवीसुद्धा निम्मी कमाई नुसत्या पावावर जायची. चार पौंडांचा पाव आधी ८ सू ला (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) मिळायचा, तो पुढच्या फेब्रुवारीत १४ सू च्या वर गेला. ज्याची दिवसाची मजुरीच वीस-पंचवीस सू, त्याच्या हातात मग काय उरलं, हा हिशेब कुणालाही करता येईल.

पण माझ्या मते खरी गोष्ट याच्या सात-आठ वर्षं आधी घडली होती. ती आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच असते.

वही उघडी पडते तेव्हा

१७८१ साली राजाचा अर्थमंत्री जाक नेकर यानं राज्याच्या जमाखर्चाचा अहवाल छापून सार्वजनिक केला. तोवर राजाची तिजोरी ही राजाची खासगी बाब मानली जायची. तिच्यात किती येतं, किती जातं, हे रयतेनं विचारायचं नसतं. नेकरचं पुस्तक हातोहात खपलं. त्यातले आकडे फसवे होते. राज्य कर्जात बुडालेलं असताना त्यानं शिल्लक दाखवली होती. तरी त्या पुस्तकानं एक गोष्ट केली, जी पुन्हा मागं घेता आली नाही. दरबारातल्या मानकऱ्यांना बसल्या जागी किती तनखे मिळतात, ते लोकांनी छापील अक्षरांत पाहिलं. आपण भरलेला पैसा कुठं जातो, हे विचारता येतं, एवढं लोकांना कळलं.

पुढं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या खर्चानं राज्य अधिकच खोलात गेलं. १७८८ पर्यंत सरकारी खर्चाचा निम्मा वाटा कर्जाच्या फेडीतच जाऊ लागला. उमराव कर द्यायला तयार होईनात. नाइलाजानं सोळाव्या लुईनं तिन्ही वर्गांची सभा बोलावली. अशी सभा त्याआधी १६१४ साली भरली होती. सभेआधी गावोगाव लोकांना सांगण्यात आलं, तुमची गाऱ्हाणी वहीत लिहून पाठवा.

या गाऱ्हाण्यांच्या वह्या मला साऱ्या क्रांतीतली सगळ्यात जिवंत गोष्ट वाटतात. त्यांच्यात स्वातंत्र्य-समतेच्या मोठ्या घोषणा फारशा नाहीत. त्यांच्यात कबुतरं आहेत. उमरावांना कबुतरखाने बांधायचा हक्क होता. ती कबुतरं शेतात नुकतं पेरलेलं बी वेचून खायची, आणि शेतकऱ्यानं त्यांना मारायचं नाही असा कायदा होता. दळण उमरावाच्याच गिरणीवर टाकायचं, आणि त्याबद्दल त्याला वाटा द्यायचा. त्याची माणसं शिकारीला आली की घोडे उभ्या पिकातून दौडत जायचे. पिढ्यान् पिढ्या हे चालत आलं होतं आणि लोक त्याला नशीब म्हणत होते. गावच्या पारावर चारचौघांत बसून ते लिहायची वेळ आली, आणि नशिबाची यादी झाली. यादीत एक, दोन, तीन असे आकडे पडतात, आणि आकडा पडला की तो कुणाच्या तरी नावावर टाकावा लागतो.

मग उन्हाळ्यात काय झालं पाहा. १४ जुलैला पॅरिसच्या लोकांनी बास्तिय घेतलं, ते मुळात बंदुकीच्या दारूसाठी. आत कैदी फक्त सात होते. त्या दिवशी राजाच्याच सैन्यातले पहारेकरी शिपाई लोकांच्या बाजूनं तोफा घेऊन उभे राहिले, ही गोष्ट किल्ल्याहून मोठी. हुकूम सोडणारा आहे, पण पाळणारा नाही, अशी अवस्था आली की राज्य संपत आलं समजावं. पण खेड्यापाड्यांत जे घडलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शेतकरी जमावानं उमरावांच्या गढ्यांवर गेले आणि पुष्कळ ठिकाणी त्यांनी पहिल्यांदा मागितली ती कागदपत्रं. कुणाच्या शेतावर किती खंड, कुणाकडून किती कोंबड्या, कुणाची किती दिवसांची वेठ, हे ज्या चोपड्यांत लिहिलं होतं त्या बाहेर आणून चौकात जाळल्या. ४ ऑगस्टच्या रात्री सभेनं सरंजामी हक्क रद्द केल्याचं जाहीर केलं. सात दिवसांनी जो लेखी ठराव झाला, त्यात कबुतरखान्यांचं कलम दुसऱ्याच क्रमांकाला आहे. मात्र बरेच खंड पैसे भरूनच सोडवून घ्यायचे होते. ते भरपाईशिवाय संपले १७ जुलै १७९३ ला, आणि त्या कायद्यानं सरंजामी हक्कांचे कागद जाळून टाकायचा हुकूम दिला. शेतकऱ्यांनी चार वर्षं आधी केलं, ते कायद्यानं नंतर मान्य केलं.

सुप्याचा बाजार

आता आपल्याकडं या. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत गेलं. इंग्रजांनी याला दख्खनचे दंगे म्हटलं. दंगा म्हणजे डोकी फुटणं, असं आपण समजतो. पण इथं माणसांना मारहाण तुलनेनं फार कमी झाली. लोकांना हवे होते कर्जरोखे आणि कर्जाचे इतर दस्त. सावकारानं ते मुकाट्यानं काढून दिले तिथं बहुतेक त्याच्या अंगाला हात लागला नाही. रोखे जाळले की लोक घरी.

मागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानं मागेल तेवढं कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव पडले, आणि नेमका तेव्हाच जमीनमहसूल वाढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोख्याचं आयुष्य तीन वर्षांचं ठरवलं. हेतू कर्जदाराच्या भल्याचा होता, घडलं उलट. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचा. कुणब्यानं खाली अंगठा उठवायचा. फेडतोय फेडतोय म्हणताना कर्ज फुगतच जायचं, आणि ते कसं फुगलं हे त्याला वाचता येत नव्हतं. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की आपल्याकडंही उठाव झाले, आणि हजारो कोसांवरच्या दोन शेतकऱ्यांनी, एकमेकांचं नावही माहीत नसताना, एकच गोष्ट जाळली. विषमता नुसती सोसली जाते तोवर ती हवेसारखी असते. तिचा कागद कुठं ठेवलाय ते कळलं, की तिला पत्ता मिळतो.

महात्मा फुल्यांनी हे फार लवकर ओळखलं होतं. १८८२ साली शिक्षण आयोगापुढं त्यांनी जे निवेदन दिलं, ते वाचताना एखाद्या जमाखर्चनिसानं लिहिलंय असं वाटतं. सरकारी तिजोरीत पैसा कुणाचा? घाम गाळणाऱ्या रयतेचा. शिक्षणावरचा खर्च कुणाच्या मुलांवर होतो? वरच्या जातींच्या. मग रयतेच्या मुलांना निदान बारा वर्षं वयापर्यंत सक्तीचं शिक्षण द्या, ही त्यांची मागणी. विद्या, मती, नीती, गती, वित्त ही त्यांची साखळी आपण जयंतीला पाठ म्हणतो. पुढच्या वर्षी लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या सुरुवातीला ती आहे, आणि तीही एक वजाबाकीच आहे: एक गेलं म्हणून दुसरं गेलं, शेवटी हाती शून्य.

एक शब्द, दोन उचली

अभ्यासिकेतल्या पोरांना हे सगळं लांबचं वाटत होतं. म्हणून मी त्यांना खिडकीबाहेर बघायला सांगितलं. रस्त्यापलीकडं उसाचा फड होता, तोड चालू होती.

आपल्या जिल्ह्यात ऊसदराचं आंदोलन दरवर्षी होतं. जयसिंगपूरची ऊस परिषद झाली, पहिली उचल किती मागायची ते ठरलं, मग कारखान्यांची धुराडी पेटायची की अडायची ते कळतं. या आंदोलनाचा जोर शिरोळ-हातकणंगल्यात, म्हणजे जिथं शिवार सगळ्यात हिरवं तिथं. हे उलटं वाटेल. पण आलेक्सी द तोकव्हिल या फ्रेंच विचारवंतानं १८५६ साली नेमकं हेच लिहून ठेवलंय. फ्रान्सचा शेतकरी तेव्हाच्या युरोपातल्या बऱ्याच शेतकऱ्यांपेक्षा मोकळा होता. पुष्कळांकडं स्वतःची जमीन आली होती. त्यामुळंच उरलेला जाच त्यांना सहन होईना. पूर्ण वाकलेल्या माणसाला ओझं मोजता येत नाही, जरा ताठ झाला की ते खुपू लागतं. आमचा ऊस उत्पादक दोन एकरांचा असला तरी त्याला उतारा, म्हणजे उसातून किती साखर निघते, ते कळतं, एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, कळतो, वजनात काटा मारला तर तेही कळतं. म्हणून तो रस्त्यावर येतो. १८४४ साली सामानगड, भुदरगड आणि पन्हाळ्याच्या गडकऱ्यांनी कोल्हापूर संस्थानात उठाव केला, तोही असाच. ते गरिबातले गरीब नव्हते. गडाच्या राखणीबद्दल त्यांना पिढीजात जमिनी होत्या. नव्या कारभारानं त्यावर हात टाकला, तेव्हा आपलं नेमकं काय गेलं ते त्यांना ठाऊक होतं.

त्याच फडात दुसरी माणसं असतात. बीडकडून आलेली नवरा-बायको, मिळून एक कोयता. दोन माणसं, पण हिशेबात एकच. त्यांच्याही तोंडी उचल हाच शब्द आहे. पण शेतकऱ्याची उचल म्हणजे त्याच्या मालाचा पहिला हप्ता, हक्काचा. मजुराची उचल म्हणजे तोडीला मजूर जमवणाऱ्या मुकादमानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, जी फिटेपर्यंत त्याला फड सोडता येत नाही. एका सरीत उभ्या दोन माणसांसाठी एकाच शब्दाचे दोन अर्थ. वर्ग म्हणजे काय, हे मला याहून सोपं करून सांगता येणार नाही. किती पैसे आहेत यावर वर्ग ठरत नाही. पैसे कुठल्या वाटेनं येतात, आणि येताना तुम्हाला मोकळं करतात की बांधतात, त्यावर तो ठरतो.

त्या सुमारास फडाकडच्या पालावरची एक बाई शाळेच्या पाण्याच्या टाकीवर घागर घेऊन यायची. एकदा तिनं पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. "गुरुजी, हे वाचून सांगा बरं काय लिव्हलंय." मुकादमाच्या माणसानं दिलेली चिठ्ठी होती. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या गाडीच्या खेपा ५८, त्याखाली टन, त्याखाली उचलीतून वजा झालेली रक्कम. मी वाचून दाखवलं. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या त्रेसष्ट हायेत."

मला वाटलं, अंदाजानं बोलत असेल. ती मला पालाकडं घेऊन गेली. आडोशाला लावलेल्या पत्र्यावर आतल्या बाजूनं कोळशाच्या रेघा होत्या. पाच-पाचाचे जुडगे, चार उभ्या आणि एक आडवी. गाडी काट्यावरून परत आली, की ती एक रेघ ओढायची. अक्षर येत नव्हतं, पण खेप चुकली नव्हती. मी दोनदा मोजल्या. त्रेसष्ट.

पायऱ्यांची उतरंड

मग प्रश्न येतो, असा हिशेब मनात असूनही सगळे एकत्र का येत नाहीत? आपल्याकडं याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलं: श्रेणीबद्ध विषमता. फ्रान्समध्ये एक रेघ ओढता येत होती, रेघेवर थोडे, रेघेखाली बाकी सगळे. आपल्याकडं रेघ नव्हती, जिना होता. प्रत्येक पायरीवरच्या माणसाच्या डोक्यावर कुणाचा तरी पाय, आणि त्याच्या पायाखाली आणखी कुणी. वरच्याचा राग असला तरी खालच्यावरचा आपला थोडासा हक्क सोडवत नाही. जात ही श्रमाची वाटणी असण्यापेक्षा श्रमिकांची वाटणी आहे, हे त्यांनी १९३६ साली लिहिलं. सुप्याचा कुणबी सावकाराचा रोखा जाळायला गेला, पण गावच्या महाराची वेठ बंद करा, असं काही त्यानं म्हटलं नाही. याची नोंद आपण करायला हवी, कारण तो कुणबी आपलाच पणजोबा आहे.

कोल्हापुरात या जिन्याला हात घातला तो गादीवरच्या माणसानं. राजर्षी शाहू महाराजांकडं १८९४ साली कारभार आला, तेव्हा संस्थानातल्या सामान्य प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनी जागा ५००, त्यांत ब्राह्मणेतर फक्त १०. हा आकडा त्यांनी पाहिला आणि २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के राखून ठेवायचा हुकूम काढला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड. १९१८ साली महार वतन, म्हणजे वंशपरंपरेची जमीन आणि तिच्यापायी गळ्यात पडलेली गावकीची वेठ, रद्द झालं.

त्याच वर्षीचा आणखी एक निर्णय आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. गावचं दप्तर तोवर वंशपरंपरेनं एकाच घरात असायचं. कुणाची जमीन किती, कुणाचा सारा थकला, हे त्या घराशिवाय कुणाला वाचता येत नव्हतं आणि तपासताही येत नव्हतं. फ्रान्समध्ये जी चोपडी जाळायला जमाव लागला, ती इथं हुकमानं घरातून बाहेर काढून कचेरीत ठेवली गेली. तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या माझ्या पोरांना मी हे मुद्दाम दोनदा सांगितलं. तुम्ही ज्या खुर्चीसाठी रात्री जागताय, ती मुळात कुणाच्या हातून काय काढून घेण्यासाठी झाली, ते माहीत असू द्या.

वरून आलेल्या बदलाला क्रांती म्हणायचं का, यावर वाद होऊ शकतो. माझं मत असं की शाहू महाराजांचं काम राजाच्या हुकमावर थांबलं नाही, म्हणून ते टिकलं. वसतिगृहांतून शिकलेली पोरं गावोगाव गेली. १९२० च्या माणगाव परिषदेत महाराजांनी अस्पृश्य समाजाला सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, आणि तो पुढारी म्हणजे तेव्हाचे तरुण आंबेडकर. पुढं माधवराव बागलांनी इथं संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी प्रजा परिषद उभी केली. बिंदू चौकातले फुले-आंबेडकरांचे पुतळे त्यांच्याच पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० ला बसले, बाबासाहेब हयात असताना.

ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांचं साहित्य

साहित्यानं क्रांती होते का? नुसत्या पुस्तकानं होत नाही. पण लोकांनी काय सोसलं आणि कुणामुळं, हे साहित्य बोलून दाखवतं. व्हिक्तोर ह्युगोच्या १८६२ च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये एक माणूस पाव चोरतो. शिक्षा पाच वर्षांची, पळून जायच्या प्रयत्नांमुळं ती एकोणीस वर्षं होते. सरकारी दप्तरात ती चोरी आहे. ह्युगो वाचकाला विचारायला लावतो, की एकोणीस वर्षं कुणी कुणाची चोरली? त्या कादंबरीतला पॅरिसचा उठाव १७८९ चा नव्हे, अनेकांचा तसा घोळ होतो. तो ५ आणि ६ जून १८३२ चा, दोन दिवसांत चिरडलेला. क्रांती होऊन चाळीस वर्षं लोटली होती आणि गरीब माणूस पुन्हा रस्त्यात अडसर रचून उभा होता.

कारण १७८९ नंतर सगळं सगळ्यांना मिळालं नाही. मत द्यायला कर भरण्याची अट आली. १७९१ साली कामगारांच्या संघटनांवर बंदी आली. ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या हजारो बायका पावसातून व्हर्सायला चालत गेल्या होत्या, कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाण्याइतकं अंतर, आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला घेऊन आल्या. त्या बायकांना मत मिळालं नाही. १७९३-९४ साली क्रांतीच्या सरकारनंच चालवलेल्या दहशतीत सुमारे १७ हजार माणसांना रीतसर शिक्षा देऊन मारलं, आणि त्यांतली पुष्कळ साधी, तिसऱ्या वर्गातलीच होती. क्रांती शिकवताना हे झाकून ठेवलं तर आपण मुलांना फसवतो.

आपल्या बाजूला वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आहेत. शाळा दीड दिवसाची. १९५९ ची त्यांची 'फकिरा' दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना वाटणाऱ्या मातंग वीराची कथा सांगते. ती लिहिणारा त्याच मातीतला, त्याच समाजातला. ह्युगोनं गरिबाकडं कळवळ्यानं पाहिलं. अण्णा भाऊंना लांबून पाहायची गरजच नव्हती. सरकारी कागदात जो गुन्हेगार, तो त्यांच्या पानावर नायक झाला. सातारा-सांगलीकडं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून चाललं, गावात न्याय द्यायला, सावकारी तंटे मिटवायला लोक त्याच्याकडं जायचे. इंग्रजांच्या कागदात तीही गुंडगिरीच होती. दंगा, बंड, उठाव, क्रांती यांतला कुठला शब्द वापरला आहे हे पाहिलं, की लेखणी कुणाच्या हातात होती ते कळतं.

आणि पुस्तक वाचता न येणाऱ्यांचं काय? सत्यशोधक जलसे होते. तमाशाचाच बाज, तेच ढोलकी-तुणतुणं, पण वगात सावकार, भट आणि कुणबी. आमची आजी जलशातला सावकाराचा प्रवेश हातवारे करून दाखवायची. सावकार खडूनं पाटीवर आकडा लिहितो, कुणबी पैसे देतो, सावकार पुसतो आणि मोठा आकडा लिहितो. तिला एक अक्षर येत नव्हतं. चक्रवाढ व्याज मात्र तिला आमच्यापेक्षा चांगलं कळायचं.

पुढच्या तासाला त्या मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "सर, त्या बाईच्या रेघांचं काय झालं?"

मी तिच्याबरोबर मुकादमाकडं गेलो होतो. रेघा वहीत उतरवून नेल्या होत्या, तिनं सांगितल्या तशा, बाजाराचा दिवस, अमावास्या, धाकटीला ताप आला तो दिवस, असं धरून तारखाही लावल्या होत्या. त्यानं काट्याच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. तासभर जुळवाजुळव झाली. पाचांपैकी दोन खेपांच्या पावत्या सापडल्या, त्या त्यानं चिठ्ठीत वाढवून लिहिल्या. तीन सापडल्या नाहीत म्हणाला. बाईनं चिठ्ठी माझ्याकडं दिली, ६० असं लिहिलंय का ते विचारलं, आणि घडी करून पदराला बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाण्याला आली तेव्हा घागर खाली ठेवून म्हणाली, "गुरुजी, आकडे कसे काढायचे ते मला दाखवा." टाकीच्या कट्ट्यावर ओल्या बोटानं मी १ काढला. तिनं तो बघितला आणि म्हणाली, "हा तर माझ्या रेघेवानीच हाय. फुडचा दाखवा."